एका बटणात बातम्या: सासूबाईंसाठी रिमोटमध्ये मॅक्रो भरताना

आमच्या सासूबाईंना गेल्या वर्षी ८२ पूर्ण झाली. संध्याकाळी सातच्या बातम्या आणि त्यानंतरची एक मालिका, एवढंच त्यांचं टीव्ही बघणं. पण तेवढ्यासाठी समोर तीन रिमोट: टीव्हीचा, सेट-टॉप बॉक्सचा आणि साउंडबारचा. संधिवाताने बोटं आखडलेली, एका डोळ्यात मोतीबिंदू. मी एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये सहायक आहे. एके दिवशी ट्रॅफिकमध्ये अडकून कोथरूडला घरी पोचायला साडेसात वाजले, तर आई निळ्या पडद्यासमोर हात मांडीवर ठेवून बसलेल्या. म्हणाल्या, "अगं, 'नो सिग्नल' म्हणतोय. माझ्याकडून काही बिघडलं का गं?"

काहीच बिघडलं नव्हतं. टीव्ही चालू होता, बॉक्स बंद होता, बस. पण स्वतःच्या घरात त्यांना असं विचारावं लागलं, हे मला लागलं. त्या रविवारी मी युनिव्हर्सल रिमोट आणि मॅक्रो या विषयाला हात घातला. एक बटण दाबलं की त्यामागे ठरवून दिलेली पाच-दहा बटणं रिमोटने आपणहून ओळीने दाबायची, याला मॅक्रो म्हणतात. ते भरायला दहा मिनिटं लागतात. ते रोज, न चुकता चालावेत यासाठी मला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत जे कळलं ते इथे लिहिते.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा: रिमोट आंधळा असतो. त्याच्या टोकाला इन्फ्रारेडचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचा, छोटा दिवा (एलईडी) असतो. बटण दाबलं की तो एलईडी सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा लुकलुकतो आणि त्या लुकलुकीचे छोटेमोठे तुकडे पाडून निरोप पाठवतो. एनईसी नावाची पद्धत फार वापरात आहे. तिच्यात सुरुवातीला ९ मिलिसेकंद प्रकाश, मग ४.५ मिलिसेकंद शांतता, आणि मग ३२ बिट्स, म्हणजे शून्य किंवा एक अशा खुणा. निरोप गेला की काम संपलं. समोरून "मिळाला" असं उत्तर येत नाही. टीव्ही चालू आहे की बंद, मधे कोणी उभं आहे का, यातलं रिमोटला काहीही कळत नाही. मॅक्रोची जवळजवळ सगळी दुखणी इथूनच निघतात.

तर पहिलं काम, घरातले सगळे रिमोट एका जागी आणा आणि त्यातले इन्फ्रारेडवर चालणारे कोणते ते तपासा. फोनचा सेल्फी कॅमेरा चालू करा, रिमोटचं टोक त्याच्याकडे धरा आणि बटण दाबा. स्क्रीनवर जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकला की तो इन्फ्रारेड. मागच्या कॅमेऱ्याला बऱ्याचदा इन्फ्रारेड अडवणारी गाळणी असते, त्यात ठिपका दिसत नाही, म्हणून पुढचाच वापरा. टीव्हीला खोचायच्या स्ट्रीमिंगच्या काड्यांचे (स्टिकचे) रिमोट बहुधा ब्लूटूथवर चालतात. काहींची आवाजाची आणि पॉवरची बटणं तेवढी इन्फ्रारेड असतात, बाकीची नाहीत. साधा युनिव्हर्सल रिमोट ब्लूटूथची बटणं शिकू शकत नाही, त्यामुळे त्यावर वेळ घालवू नका.

रिमोट घ्यायला मी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेले. तिथे तीन तऱ्हेचे रिमोट पुढ्यात येतात. एक, तुमच्याच रिमोटची हुबेहूब नक्कल. त्याचा या कामाला उपयोग नाही. दुसरा लर्निंग रिमोट, जो दुसऱ्या रिमोटचं बटण शिकून घेतो, पण एका बटणाला एकच. तिसरा मॅक्रोवाला. तो कमी दुकानांत मिळतो आणि खोक्यावरच्या मजकुरावरून ओळखू येत नाही. दुकानदाराला सरळ म्हणा, "आतली पुस्तिका दाखवा," आणि तिच्यात मॅक्रोचं पान आहे का ते तिथेच उभं राहून बघा. बॉक्सच्या रिमोटवर टीव्हीची चार-पाच बटणं शिकवता येतात, त्याला काही जण युनिव्हर्सल म्हणतात. त्यात मॅक्रो नसतो.

कल्पना काही आजची नाही. ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्निॲक यांनी १९८७ मध्ये 'कोअर' नावाचा रिमोट काढला होता. तो इतर रिमोटकडून बटणं शिकायचा आणि ती ओळीने चालवायचा. पुढे लॉजिटेकचे हार्मनी रिमोट आले. कोणतं उपकरण चालू आणि कोणतं बंद याची ते स्वतःच्या आठवणीत नोंद ठेवत, आणि ती नोंद चुकली तर दुरुस्तीसाठी वेगळं 'हेल्प' बटण असे. कंपनीने २०२१ मध्ये ते बनवणं थांबवलं. हार्मनीची ती दुरुस्तीच्या बटणाची कल्पना मी साध्या रिमोटवर उचलली आहे, ती पुढे सांगते.

रिमोटला तुमची उपकरणं ओळखायला लावण्याचे दोन मार्ग आहेत. पुस्तिकेतल्या यादीतून कंपनीचा कोड घालणे, किंवा जुन्या रिमोटसमोर धरून एकेक बटण शिकवणे. जमेल तिथे कोडच वापरा. याचं कारण मला आमच्या बॉक्सने शिकवलं. मी त्याचे आकडे शिकवून घेतले होते आणि सगळं बरोबर चाललं होतं. फक्त ज्या चॅनेलच्या नंबरात एकच आकडा लागोपाठ दोनदा येतो, ते लागायचं नाही, दुसरा आकडा गिळला जायचा. आमचा बॉक्स फिलिप्सने काढलेल्या आरसी-५ पद्धतीचा निघाला. त्या पद्धतीत बटण नव्याने दाबलं की निरोपातला एक बिट पालटतो. त्यावरून समोरच्याला कळतं की हे बटण दुसऱ्यांदा दाबलंय, नुसतं धरून ठेवलेलं नाही. शिकलेला रिमोट मात्र शिकतानाचा तोच निरोप पुन्हा पुन्हा म्हणून दाखवतो. बिट पालटत नाही, म्हणून बॉक्सला वाटतं बोट अजून बटणावरच आहे. यादीतला कोड घातल्यावर रिमोट तो बिट स्वतः पालटायला लागला आणि चॅनेल लागलं.

शिकवावंच लागलं तर दोन्ही रिमोट टेबलावर तोंडाला तोंड लावून, दोन-तीन सेंटिमीटर अंतरावर ठेवा. हातात धरू नका, हात हलतो. खिडकीतलं ऊन येत असेल तर पडदा ओढा, ट्यूबलाइट बंद करा, त्यांच्या प्रकाशातही इन्फ्रारेडचा गोंधळ असतो. दोन्हींत नवे सेल घाला. जुन्या रिमोटचं बटण एकदाच नीट दाबून सोडा, पुस्तिकेत धरून ठेवायला सांगितलं असेल तरच धरा.

आता मॅक्रो. रिमोट हातात घेण्याआधी कागद घ्या. जुन्या रिमोटांनी टीव्ही लावताना तुम्ही नेमकी कोणती बटणं दाबता, कोणत्या क्रमाने, आणि कुठे थांबता, ते एकेक लिहून काढा. थांबण्याचे सेकंद घड्याळ लावून मोजा. स्टँडबायमधून उठताना टीव्ही काही सेकंद कोणाचंच ऐकत नाही. माणूस आपसूक थांबतो, मॅक्रो थांबत नाही.

भरण्याची रीत प्रत्येक रिमोटची वेगळी, पण एक घराणं बरंच पसरलेलं आहे आणि आमचाही त्यातलाच आहे. सेटअपचं बटण दिवा दोनदा लुकलुकेपर्यंत धरायचं, मग ९९५, मग ज्या बटणावर मॅक्रो हवा ते बटण, मग सगळी ओळ, आणि शेवटी सेटअप पुन्हा धरायचं. दिवा दोनदा लुकलुकला की साठवलं गेलं. तुमच्या पुस्तिकेत आकडा वेगळा असेल तर तो घ्या. एका मॅक्रोत किती बटणं मावतात याची मर्यादाही तिथेच लिहिलेली असते.

इथे नवखा माणूस हमखास एक गोष्ट विसरतो. असा रिमोट एका वेळी एकाच उपकरणाशी बोलतो. म्हणून ओळीत 'टीव्ही', 'बॉक्स' ही उपकरणाची बटणंही घालावी लागतात. मॅक्रो संपताना रिमोट ज्या उपकरणावर राहील, पुढची सगळी बटणं त्यालाच जाणार. आईंना पुढे चॅनेल बदलायचं असतं, म्हणून आमची ओळ 'बॉक्स'वर संपते. आवाजाची बटणं मात्र कायम साउंडबारला जावीत यासाठी बहुतेक रिमोटांत वेगळी सोय असते. पुस्तिकेत ती 'व्हॉल्यूम लॉक' किंवा तशाच नावाखाली सापडेल. ती आधी करून घ्या.

आमच्या रिमोटला ओळीत थांबा घालता येत नाही. तुमच्यात ती सोय असेल तर उत्तम. नसेल तर असं करा: रिमोटवर व्हीसीआरचं, म्हणजे जुन्या व्हिडिओ कॅसेटच्या यंत्राचं, बटण असतं. घरात व्हीसीआर उरलेला नाही, म्हणजे त्याला पाठवलेला निरोप ऐकणारं कोणी नाही. 'व्हीसीआर', आणि मग रिवाइंड, रिवाइंड, रिवाइंड. ते निरोप हवेत विरतात, वेळ मात्र जातो. स्टॉपवॉच लावून बघितलं, तर आमच्याकडे सात रिवाइंड म्हणजे जवळपास तीन सेकंद.

माझा पहिला मॅक्रो असा होता: टीव्ही पॉवर, साउंडबार पॉवर, बॉक्स पॉवर, थांबा, चॅनेल. रविवारी भरला. सोम, मंगळ, बुध, तिन्ही संध्याकाळी सात वाजता बातम्या लागल्या. आई मला फोन करून सांगायच्या, "लागलं गं." गुरुवारी सकाळी दुरुस्तीच्या कामासाठी लाइट गेली, दुपारी आली. आणि संध्याकाळी पुन्हा 'नो सिग्नल'.

घरी येऊन मी मेन स्विच बंद-चालू करून बघितलं. लाइट आल्यावर आमचा टीव्ही स्टँडबायमध्ये बसून राहतो, बॉक्स मात्र आपणहून चालू होतो. पॉवरचं बटण बंदला चालू आणि चालूला बंद करतं. संध्याकाळी मॅक्रोने टीव्ही चालू केला आणि आधीच चालू असलेला बॉक्स बंद केला. आंधळ्याने आपलं काम चोख केलं होतं. चूक माझी, सुरुवातीला सगळं बंदच असेल असं मी धरून चालले होते.

म्हणून माझा नियम: सुरुवात कशीही असो, शेवट एकच यायला हवा. हे साधायचे काही मार्ग आहेत. उत्तम मार्ग म्हणजे स्वतंत्र ऑनचा आणि स्वतंत्र ऑफचा निरोप. काही टीव्हींना तो कळतो, पण त्यांच्या स्वतःच्या रिमोटवर ते बटण नसतं, युनिव्हर्सल रिमोटच्या एखाद्या कोडखाली असू शकतं. ऑनचा निरोप चालू टीव्हीला गेला तर काहीच होत नाही, आपल्याला तेच हवं असतं.

तो मिळाला नाही तर जागं करणारं दुसरं बटण शोधा. उपकरण स्टँडबायमध्ये ठेवा आणि जुन्या रिमोटचं पॉवर सोडून एकेक बटण दाबून बघा. आमचा टीव्ही 'चॅनेल वर'ने जागा होतो. तो चालू असून एचडीएमआयवर, म्हणजे बॉक्सची केबल लावलेल्या जोडणीवर, असेल तर त्या बटणाकडे लक्षच देत नाही. बॉक्स कुठल्याही आकड्याने जागा होतो. चालू असेल तर तो एकटा आकडा कोपऱ्यात दिसतो आणि थोड्या वेळाने पुसला जातो. ही दोन बटणं सापडली तेव्हा मला झालेला आनंद मी लॅबमध्ये सगळ्यांना सांगितला.

साउंडबार मी मॅक्रोतून काढूनच टाकला. तो एचडीएमआयच्या एआरसी (टीव्हीचा आवाज साउंडबारला पोचवणाऱ्या) जोडणीवर असेल तर टीव्हीबरोबर आपणहून चालू-बंद होऊ शकतो. त्या सोयीचं मूळ नाव सीईसी, पण टीव्हीच्या सेटिंगमध्ये ती कंपनीच्या नावाने असते: सॅमसंगमध्ये एनीनेट प्लस, एलजीमध्ये सिंपलिंक, सोनीमध्ये ब्राव्हिया सिंक. हे जमत असेल तर जरूर करा. तीन उपकरणं, प्रत्येक चालू किंवा बंद, म्हणजे सुरुवातीच्या आठ शक्यता. एक काढलं की चारच उरतात.

बॉक्सच्या सेटिंगमध्ये वीज वाचवणारी गाढ झोप होती. तीही मी बंद केली, कारण तीतून उठायला त्याला फार वेळ लागायचा. आता तीन सेकंदांत चित्र येतं. शेवटी कागदावर हे उरलं:

बॉक्स, ०, टीव्ही, चॅनेल वर, व्हीसीआर, रिवाइंड सात वेळा, बॉक्स, आणि चॅनेलचे तीन आकडे.

पॉवर कुठेही नाही. बॉक्सला आधी हाक मारली आहे, कारण उठायला तोच उशीर लावतो. तो उठेपर्यंत टीव्हीचं काम उरकतं. आणि बॉक्स आधीच चालू असेल तर त्या थांब्यात एकटा '०' पुसला जातो.

बंद करायच्या मॅक्रोत मात्र मी साधं पॉवरच घातलं, टीव्हीचं आणि बॉक्सचं. कारण बंद करण्याची वेळ येते तेव्हा आई टीव्ही बघतच असतात, दोन्ही चालू असणार हे ठरलेलं. तिथे डोळ्यांचं काम आई करतात.

तिसरं बटण दुरुस्तीचं. नातू येतो, गेमची जोडणी लावतो, आणि टीव्ही दुसऱ्या एचडीएमआयवर राहून जातो. सोर्सचं बटण दर वेळी पुढच्या जागी उडी मारतं, आणि आधी कुठे होतो ते आंधळ्याला ठाऊक नसतं. पण आमच्या टीव्हीवर सोर्सची यादी उघडते, आणि वरच्या टोकाला गेल्यावर ती पुन्हा खालून सुरू होत नाही. म्हणून: सोर्स, पाच वेळा वर, एकदा खाली, ओके. मधे कुठेही असलो तरी आधी भिंतीला टेकायचं आणि तिथून मोजायचं. तुमची यादी टोकाला गेल्यावर गोल फिरत असेल तर हा उपाय चालणार नाही. मग एचडीएमआय १ चा स्वतंत्र निरोप शोधावा लागेल.

एवढं झाल्यावरही एका संध्याकाळी बॉक्स उठला आणि टीव्ही नाही. मी आईंच्या शेजारी बसून नुसतं बघितलं. त्यांनी बटण दाबलं आणि लगेच रिमोट मांडीवर ठेवला, इतकी वर्षं ठेवत आल्या तसाच. मॅक्रो अजून चालूच होता, निरोप सगळे पदरात जात होते. मी म्हटलं, "अहो आई, बटण दाबल्यावर थोडा वेळ तसाच धरायचा." "थोडा म्हणजे किती?" हा त्यांचा प्रश्न रास्त होता. माळ त्यांच्या हातात असतेच, तर दहा मणी ओढेपर्यंत रिमोट टीव्हीकडे धरायचा असं ठरलं. त्यानंतर ती चूक झाली नाही. एका हाताने इतका वेळ धरणं जड जात असेल तर टीपॉयवर टीव्हीकडे तोंड करून रिमोटची पक्की जागा करा.

बटण ओळखू यावं म्हणून आधी लाल टिकली लावली. आठवड्यात तेलकट बोटांनी निघाली. मग एमसीलचा ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका बसवला, तो टिकला. चालूवर एक ठिपका, बंदवर दोन, दुरुस्तीवर आडवी रेघ. चष्मा नसतानाही बोटाला कळतं. तिन्ही बटणं एकमेकांपासून लांब निवडा. शेजारची घेतलीत तर आखडलेलं बोट दोन्हींवर पडतं.

चाचणी घेताना चारही शक्यता मुद्दाम तयार करा: दोन्ही बंद, दोन्ही चालू, फक्त टीव्ही चालू, फक्त बॉक्स चालू. प्रत्येकीत मॅक्रो पाच वेळा चालवा. मग मेन स्विच बंद करून, पुन्हा चालू करून एकदा. आणि शेवटची चाचणी ज्याच्यासाठी केलंय त्याच्या हाताने, त्याच्या नेहमीच्या खुर्चीतून.

एसी याच रिमोटवर घ्यायचा मोह होईल. एसीचा रिमोट दर वेळी तापमान, मोड, पंखा, अशी सगळी स्थिती एकाच लांब निरोपात पाठवतो. त्यामुळे '२६ अंश, कूल' हे एक बटण शिकवलं की सुरुवात कशीही असली तरी शेवट तोच, आपल्याला हवं तसं. पण स्वस्त लर्निंग रिमोटांना एवढा लांब निरोप पेलत नाही. एकदा शिकवून बघा. जमला नाही तर एसीचा रिमोट भिंतीवर त्याच्या जागी राहू द्या.

सेल काढल्यावर काही रिमोट सगळं विसरतात, आणि कधीतरी चॅनेलचे नंबरही बदलतात. दोन्ही वेळी ओळ पुन्हा भरावी लागते. म्हणून कोड, ९९५ ची रीत आणि तिन्ही ओळी मी बारीक अक्षरात एका चिठ्ठीवर लिहिल्या, वर तारीख घातली, आणि ती घडी करून सेलच्या झाकणाच्या आत चिकटवली. गेल्या महिन्यात चॅनेलचा नंबर बदलला तेव्हा मी गावाला होते. नातवाने झाकण उघडलं, चिठ्ठी बघून शेवटचे तीन आकडे बदलून ओळ भरली, आणि सातच्या आत आईंचा फोन आला, "लागलं गं."